चित्रे वाचायची कोणी?

"यात आम्ही वाचायचे काय?" असे मला ज्यांनी विचारले ते गृहस्थ मराठीचे प्राध्यापक आहेत, व्यासंगी आहेत, वृत्तीने सज्जन आहेत. त्यांचे नाव मी सांगणार नाही, कारण त्यांच्या जागी या शहरातील मराठीच्या, हिंदीच्या किंवा इंग्रजीच्या विभागातील दुसरे कोणी असते तरी प्रश्न बदलला नसता. प्रसंग होता छत्रपती संभाजीनगरातल्या एका कला महाविद्यालयाच्या प्रदर्शनाचा. उपयोजित कलेच्या अंतिम वर्षात 'इलस्ट्रेशन' हा विषय घेतलेल्या मुलामुलींनी वर्षभर रचलेल्या चित्रकथा तेथे मांडल्या होत्या. काही चौकटींच्या, काही बिनचौकटींच्या, काही घडीच्या पुस्तकांच्या आकारात, आणि एक तर भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली कागदाची गुंडाळी. रीतीप्रमाणे दीपप्रज्वलन झाले. प्रमुख पाहुण्यांनी 'अजिंठा-वेरूळच्या या पावन भूमीत' अशी सुरुवात केली आणि पंधरा मिनिटांच्या भाषणात अजिंठ्याचे नाव चार वेळा घेतले (मी मोजले, अशा समारंभांत मोजण्याखेरीज दुसरे काम नसते). मग चहा झाला. मग मंडळी दालनातून एक फेरी मारून निघाली. अभिप्रायाच्या वहीत 'अप्रतिम', 'खूप छान', 'भावी वाटचालीस शुभेच्छा' अशी नोंद झाली, आणि दाराशी आमच्या प्राध्यापक मित्रांनी वरील प्रश्न केला. त्याला त्यांनी एक पुस्तीही जोडली : "बालसाहित्यासाठी मात्र ही मुले उपयोगी पडतील हो."

मीही त्याच जमातीचा. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते बाहेरून केलेले आरोपपत्र समजू नये. परंतु हा प्रश्न आणि त्याची पुस्ती यांत आपल्या वाङ्मयीन संस्कृतीचे एक जुने अडाणीपण दडलेले आहे, आणि ते सौजन्यापोटी झाकून ठेवण्यात आता काही हशील नाही असे मला वाटते.

आपल्या पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची श्रेयनामावली पाहा. 'मुखपृष्ठ' आणि 'आतील सजावट'. सजावट! लग्नाच्या मांडवाला करतात ती. कथा तयार आहे, मांडव उभा आहे, आता चार झालरी लावा, असा त्या शब्दाचा अर्थ. चित्रकाराने कथा वाचली, तिच्यातला कोणता क्षण निवडायचा ते ठरवले, कोणता क्षण मुद्दाम टाळायचा तेही ठरवले, पात्राला चेहरा द्यायचा की पाठमोरे ठेवायचे याचा निर्णय घेतला. म्हणजे समीक्षक जे करतो असा आपला दावा असतो ते सर्व त्याने केले, आणि शिवाय एक वस्तू निर्माण केली. या सगळ्याला आपण सजावट म्हणतो. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचे 'दीपावली' काढले तेव्हापासून मराठी वाचकाने किती कथा आधी चित्रातून आणि नंतर शब्दांतून वाचल्या असतील! शि. द. फडणीसांच्या शब्दविरहित हास्यचित्रांत एक संपूर्ण प्रसंग, त्याच्या आधीचा आणि नंतरचा काळ धरून, एकाही अक्षराविना उभा राहतो. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतली त्यांची चित्रे पाहत तर एक पिढी हिशेब शिकली. वसंत सरवट्यांवरच्या पुस्तकाच्या शीर्षकात 'रेषालेखक' हा शब्द आला. रेषेने लिहिणारा. हा शब्द आपण उचलायला हवा होता. आपण उचलला नाही. मराठी समीक्षेच्या ग्रंथालयात कथेवर कपाटे भरतील इतके लिहिले गेले आहे. कथेच्या शेजारी छापलेल्या चित्राने त्या कथेचे काय केले, तिला पुढे नेले की मागे ओढले, यावर जे लिहिले गेले त्याला एक फळीसुद्धा पुरून उरेल. जे थोडे आहे ते बहुधा सरवट्यांसारख्या चित्रकारांनीच लिहिले.

यावर ठरलेले उत्तर असे की साहित्य ही शब्दांची कला, आपण शब्दांचे अभ्यासक, चित्र हे आपले क्षेत्र नव्हे, परक्या क्षेत्रात लुडबुड करू नये. उत्तर विनयशील आहे, पण प्रामाणिक नाही. चित्रपटावर बोलताना हा विनय आपल्याला आठवत नाही. कादंबरीवरून चित्रपट निघाला की 'माध्यमांतर' या विषयावर चर्चासत्र घ्यायला आपण तत्पर असतो, शोधनिबंधांचे संपादित पुस्तकही निघते. म्हणजे प्रश्न क्षेत्राचा नाही, प्रतिष्ठेचा आहे.

आणि क्षेत्राचेच म्हणायचे तर भवभूतीचे काय करायचे? 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकाचे नावच 'चित्रदर्शन'. आपण तो शिकवतो, त्यावर प्रश्न काढतो. त्या अंकात घडते काय? राज्याभिषेकानंतर लक्ष्मण राम-सीतेला एक चित्रवीथी दाखवायला आणतो. रामाचेच चरित्र तेथे क्रमाने रंगवलेले आहे. कुठपर्यंत, असे राम विचारतो आणि सीतेच्या अग्निशुद्धीपर्यंत असे उत्तर मिळते. म्हणजे हे चित्रकथेचे प्रदर्शन आहे, आणि पाहणारे हे त्या कथेतलेच लोक आहेत. सीता चित्रातल्या एका स्त्रीकडे बोट दाखवून ही कोण असे विचारते. ती ऊर्मिला असते, लक्ष्मण संकोचतो आणि घाईने परशुरामाच्या चित्राकडे वळवतो. शूर्पणखेचे चित्र पाहून सीता दचकते, आणि हे केवळ चित्र आहे असे तिला सांगावे लागते. जनस्थानाच्या चित्रांपाशी रामाची जुनी जखम पुन्हा वाहू लागते. चित्रे पाहता पाहता सीतेला पुन्हा त्या वनात जाण्याचे डोहाळे लागतात, आणि त्याच इच्छेचे निमित्त करून तिला वनात सोडले जाते. नाटकाची सगळी शोकात्मता एका चित्रप्रदर्शनातून निघते! आपल्या विदर्भातल्या पद्मपूरच्या या कवीला चित्रकथा कशी पाहतात हे ठाऊक होते : कोणत्या चित्रापाशी थांबतात, कोणते टाळून पुढे जातात, आणि चौकटीतल्या कोणत्या गौण आकृतीकडे बोट दाखवले की सोबतचा माणूस अवघडतो. आम्ही मात्र 'यात वाचायचे काय' म्हणून वीस मिनिटांत बाहेर.

आता अजिंठ्याकडे येऊ. प्रमुख पाहुण्यांनी चार वेळा नाव घेतलेच आहे.

शहरापासून शंभरेक किलोमीटरवर चित्रकथेची एक शाळा दीड हजार वर्षे उघडी आहे. १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी तेथे पोहोचल्यापासूनचा काळ धरला तरी दोनशे वर्षे झाली. या दोनशे वर्षांत आपण अजिंठ्याकडून काय घेतले? पद्मपाणी घेतला. त्याची झुकलेली मान, अर्धोन्मीलित डोळे, हातातले कमळ. तो टपाल तिकिटापासून हॉटेलांच्या भिंतीपर्यंत आणि शासकीय स्मृतिचिन्हांपर्यंत सर्वत्र आहे. त्या प्रदर्शनातही एका मुलाने अजिंठ्यावरच मालिका केली होती. आठ चित्रे, आठही देखणी, पद्मपाणी, कमळे, छतावरची नक्षी, हंस, आणि आठांत मिळून एकही घटना नाही. मुलाचा दोष नाही. त्याला अजिंठा असाच दाखवला गेला. या दाखवण्याला इतिहास आहे. १८७२ पासून तेराएक वर्षे जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या नकला करवल्या, त्यांतल्या पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या (त्याआधी रॉबर्ट गिलच्या नकला १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या, अजिंठ्याच्या नकलांना जणू आगीचा शापच). ग्रिफिथ्सचे दोन खंड १८९६-९७ मध्ये निघाले. श्रम प्रचंड होते आणि त्यांचे ऋण मोठे आहे. पण त्या शाळेची गरज आकृतीची आणि अलंकरणाची होती, कथेची नव्हती. अजिंठा म्हणजे उतरवून घेण्याच्या सुट्या आकृत्या, ही सवय आपल्या कलाशिक्षणाला तेव्हा लागली, आणि मला दिसते त्यावरून ती अजून सुटलेली नाही.

सतरा क्रमांकाच्या लेण्यात जा. वाकाटक हरिषेणाच्या काळात त्याच्या एका मांडलिकाच्या दानातून कोरलेले हे पाचव्या शतकातले लेणे. आत डाव्या भिंतीवर विश्वंतराची कथा आहे : हत्ती दान दिला म्हणून हद्दपार झालेला राजपुत्र, मग रथ दिला, घोडे दिले, मुले दिली, शेवटी पत्नीही दिली. उजव्या भिंतीवर सिंहलाची : फुटलेले जहाज, राक्षसिणींचे बेट, उडणारा घोडा, राजवाड्यातला संहार, हत्तींवरून निघालेले सैन्य. यांत चौकट नाही. एकच माणूस त्याच भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसतो. एक प्रसंग संपून दुसरा कोठे सुरू झाला हे एखादा खांब सांगतो, एखादे झाड सांगते, कधी पाठ फिरवून बसलेली एखादी दासी सांगते. आणि प्रसंग काळाच्या क्रमाने लावलेलेही नाहीत. एका ठिकाणी जे जे घडले ते ते एकत्र : राजवाड्यातले राजवाड्यापाशी, अरण्यातले अरण्यात, मग त्यांत वर्षांचे अंतर का असेना. डिटर श्लिंगलोफ या जर्मन अभ्यासकाने अनेक दशके खपून यांतल्या कथा ओळखून काढल्या, आणि स्थळानुसार केलेल्या या रचनेकडे लक्ष वेधले. विद्या देहेजियांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात बौद्ध कलेतील कथनाच्या पद्धती वेगवेगळ्या केल्या आणि अजिंठ्याच्या या पद्धतीला जाळ्याची उपमा दिली. म्हणजे येथे कथनशास्त्र आहे. कथानक आणि कथन यांतला भेद, घटनांचा क्रम आणि सांगण्याचा क्रम यांतली फारकत, हे सारे आपण रशियन रूपवाद्यांच्या आणि फ्रेंच पंडितांच्या आधाराने एम.ए.च्या वर्गात फळ्यावर लिहितो. त्याचा सर्वांत मोठा पुरावा बसने अडीच-तीन तासांवर भिंतीवर आहे, आणि आपली सहल तेथे जाते तेव्हा पद्मपाणीसमोर समूहछायाचित्र काढून परत येते.

आणि आता त्या प्रदर्शनातल्या एका कामाबद्दल, ज्याच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

बीडकडच्या एका मुलीची ती मालिका. शाई आणि मातकट जलरंग, एकूण अठरा चित्रे. विषय ऊसतोडीचा. या विषयावर मराठवाड्यात इतके लिहिले, बोलले, छायाचित्रित केले गेले आहे की मी जरा सावधपणेच जवळ गेलो. डोक्यावर मोळी घेतलेली बाई आणि पाचटात झोपलेले मूल यांचे एक ठरीव करुण चित्र आता आपल्या सर्वांच्या मनात तयार असते. या मुलीने ते काढलेले नाही. तिने तीन स्थळे घेतली आहेत : गावातल्या घराचे अंगण, रस्ता, आणि फडाशेजारची कोपी. चित्रे तिने तारखांच्या क्रमाने लावलेली नाहीत. अंगणाची सगळी चित्रे एका रांगेत आहेत, मग ती दसऱ्यानंतर निघण्याच्या दिवसाची असोत, मधल्या महिन्यांतली, आजी एकटी असतानाची असोत, की गळीत हंगाम संपून परतल्यानंतरची. त्यांच्याखाली रस्त्याची रांग, तिच्याखाली कोपीची. म्हणजे पाहणाऱ्याने आडवे वाचले तर एक स्थळ कळते, उभे वाचले तर एक वर्ष. अंगणाच्या पहिल्या चित्रात भिंतीवर खिळ्याला कोयता टांगलेला आहे. दुसऱ्यात कोयता नाही, पण सारवलेल्या भिंतीवर त्याची अर्धगोल फिकट खूण आहे. आजीच्या एकटेपणाच्या पाचही चित्रांत ती खूण तेवढी राहते आणि आजी दर वेळी तिच्यापासून थोडी दूर बसलेली दिसते. शेवटी कोयता परत येतो, पण खिळा खाली आलेला आहे : आता तो मुलीच्या हाताला पोहोचेल इतक्या उंचीवर आहे. मुकादमाची उचल, कर्ज, शाळेतून गळती, पुढच्या हंगामात 'कोयता' म्हणून कोणाची मोजदाद व्हायची आहे, सगळे त्या हातभर खाली सरकलेल्या खिळ्यात आहे. चित्रात कोणी रडत नाही.

मी तिला विचारले, अजिंठ्याच्या भिंतींवरही अशीच स्थळांनुसार रचना असते, ते पाहून केले का? तिने अजिंठा पाहिला होता, सहलीत. हे तिला कोणी सांगितले नव्हते. "आमच्या घरी असंच आठवतं, सर," ती म्हणाली. "कधी झालं ते नाही, कुठं झालं ते." एवढेच तिचे उत्तर. ते मी घरी येऊन लिहून ठेवले.

मग मी मालिकेचे शीर्षक वाचले. 'अ जर्नी ऑफ होप'. इंग्रजीत. आणि अठराव्या चित्रानंतर आणखी एक एकोणिसावे चित्र होते, जे मी आधी मोजले नाही, कारण ते कथेत नाहीच : उगवता सूर्य, पाठीवर दप्तर, आणि खाली इंग्रजीत एक वाक्य, शिक्षणाने अंधार दूर होतो अशा अर्थाचे. हे कशासाठी, असे विचारल्यावर कळले की संदेश असला पाहिजे असे तिला सुचवण्यात आले होते, आणि पोर्टफोलिओ पुण्या-मुंबईत दाखवायचा म्हणून मजकूर इंग्रजीत.

येथे माझा रोख दुसऱ्या बाजूला वळतो. साहित्याची माणसे चित्र वाचत नाहीत हे खरे. पण कलाशाळाही शब्दाला तितक्याच तुच्छतेने वागवतात. 'चित्र स्वतःच बोलते' हे तेथले लाडके वाक्य. चित्र बोलत असेल, तर त्याखाली हे नादुरुस्त इंग्रजी कशाला? आणि बोलत नसेल, तर शब्दांवर चित्राइतकी मेहनत का नको? रेषेच्या जाडीवर तीन तीन आठवडे चर्चा, आणि तळओळ मात्र प्रदर्शनाच्या आदल्या रात्री, भ्रमणध्वनीवर भाषांतर करून. जिची आजी आणि आई अठरा चित्रांत एक शब्दही वावगा बोलत नाहीत, तिची कथा परक्या भाषेतल्या गुळगुळीत घोषवाक्याने संपते. प्रदर्शनात मी पाहिलेल्या कामांपैकी बहुतेकांच्या ओळी इंग्रजीत होत्या, आणि जालना, परभणी, बीड येथून आलेल्या त्या मुलामुलींपैकी ज्यांच्याशी बोललो ती सर्व माझ्याशी उत्तम, ठसठशीत, आपापल्या गावच्या मराठीत बोलली. इंग्रजीला माझा विरोध नाही. ज्याला त्या भाषेत गोष्ट सांगता येते त्याने जरूर सांगावी. पण येथे इंग्रजी ही भाषा म्हणून आलेली नव्हती, गणवेश म्हणून आलेली होती.

चित्र स्वतःच बोलते, ही समजूत आपल्या परंपरेचीही नव्हे. 'दिव्यावदाना'त बुद्ध भवचक्राचे चित्र विहाराच्या दाराशी काढायला सांगतो आणि लगेच येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते समजावून सांगण्यासाठी एक भिक्षू नेमायलाही सांगतो. असे भवचक्र सतराव्या लेण्याच्या ओसरीत आजही आहे, भग्न असले तरी. समजावणारा भिक्षू तेवढा नाही. 'मुद्राराक्षसा'तला चाणक्याचा हेर यमपट घेऊन घरोघर गात फिरतो, आणि म्हणूनच चंदनदासाच्या घरात त्याला प्रवेश मिळतो. आणि चित्रकथी? कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या ठाकर समाजाने ही कला आजवर जपली. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये त्यासाठी पद्मश्री मिळाली. त्याच जातीच्या चित्रांना 'पैठण चित्रे' असे नाव पडले ते आपल्या जिल्ह्यातल्या पैठणमुळे. पुण्याच्या दिनकर केळकरांच्या संग्रहात त्यांतली पुष्कळ आहेत. ती मुळात कोठे रंगवली गेली याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण पैठणचे नाव त्यांना कायमचे चिकटले. ही चित्रे पाहिली की प्रथम ती अपुरी वाटतात. मोठे डोळे, एका बाजूने दाखवलेले चेहरे, टोकदार नाक, दोन पक्ष समोरासमोर उभे, मागे काहीच नाही. अपुरी वाटतात कारण ती अपुरीच आहेत; उरलेले अर्धे चित्रकथ्याच्या तोंडात आहे. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली, एक बाजू दाखवून झाली की फिरवायची, आणि फिरवण्याच्या त्या क्षणी आवाज कोठे थांबतो यावर प्रेक्षकांचा श्वास. चित्र किती सांगेल आणि शब्द किती, याचा बारीक हिशेब त्या मंडळींना होता. आमच्या दालनात तो हिशेब कोणालाच येत नव्हता, आणि त्याला जबाबदार दोन्ही विभाग आहेत. एकाने शब्द शिकवला नाही, दुसऱ्याने दार ओलांडले नाही.

या न ओलांडलेल्या दाराची किंमत काय, याचे एक उदाहरण देतो. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी वेरूळला जाण्याच्या वाटेवर दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाची धूळ झटकावी म्हणून प्रवेशद्वाराजवळच्या हौदात हातपाय धुतले, आणि हौद बाटवला म्हणून आरडाओरडा सुरू झाला; पुढे किल्ल्यात पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर आणि पहाऱ्यात त्यांना आत जावे लागले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आत्मकथनपर लेखनात हा प्रसंग आहे. शहरापासून पंधरा किलोमीटरवर घडलेली ही गोष्ट. १९५० मध्ये बाबासाहेबांनी याच शहरात मिलिंद महाविद्यालय उभे केले, गंगाधर पानतावण्यांचे 'अस्मितादर्श' येथूनच निघत राहिले, दलित साहित्याच्या चळवळीचे एक केंद्र हे शहर होते. शब्दांत आपण या पाण्याविषयी पुष्कळ लिहिले. आणि चित्रांत? त्या हौदाची चित्रकथा आली ती 'भीमायन'मध्ये, २०११ साली, दिल्लीच्या नवयान प्रकाशनाकडून, इंग्रजीत. आणि ती काढली मध्य प्रदेशातल्या परधान गोंड परंपरेच्या दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या चित्रकारांनी. ते पुस्तक मी ज्यांच्या ज्यांच्या हाती दिले त्यांना एक गोष्ट चटकन जाणवते : त्यात चौकटी नाहीत. माणसांना खोक्यात कोंबणे व्यामांनी नाकारले आणि त्यांच्या परंपरेतल्या वाहत्या नक्षीने पान विभागले. संवादाचे फुगेही सारखे नाहीत. गोड बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, विखारी बोलण्याला विंचवाची नांगी. म्हणजे शब्द कोणत्या जातीचा आहे हे वाचण्याआधीच दिसते. हे वाङ्मयीन कृत्य आहे. जी मंडळी 'शब्दांची जात' या विषयावर व्याख्याने देतात त्यांनी या नांगीवर दोन पाने लिहायला हरकत नव्हती.

व्यामांचा मला हेवा वाटत नाही, आनंदच आहे. पण दौलताबादच्या हौदाची गोष्ट या शहरातल्या कलाशाळेतून, या शहराच्या भाषेत, 'अस्मितादर्श'च्या वाचकांपैकी कोणाशी तरी वाद घालत घालत का निघाली नाही, हा प्रश्न उरतो. हौदाला तर बस जाते.

एक आक्षेप मला आधीच ऐकू येतो : ही शेवटी विद्यार्थ्यांची कामे, कच्ची, परीक्षेसाठी केलेली; त्यांवर गंभीर समीक्षा कशाला? बाविसाव्या वर्षी निघालेल्या पहिल्या कवितासंग्रहाला आपण प्रस्तावना देतो, त्याचे प्रकाशन करतो, 'नव्या जाणिवेचा कवी' म्हणून त्यावर लिहितो, आणि त्यांतले बहुतेक संग्रह किती पिकलेले असतात हे आपल्याला माहीत आहे. कच्चेपणा ही अडचण नाही. उलट कच्च्या कामावर लिहिण्याचाच काही उपयोग होतो, कारण ते अजून बदलू शकते. पिकलेल्या कलावंताला आपली गरज नसते.

म्हणून मी त्या मुलीला जे म्हणालो ते येथेही लिहितो. एकोणिसावे चित्र काढून टाक. शीर्षक बदल, इंग्रजीतले काढून मराठीतला तितकाच गुळगुळीत 'आशेचा प्रवास' ठेवशील तर मात्र राहू दे ते इंग्रजी. आजीला एक वाक्य दे, फक्त एक, कोयत्याच्या खुणेजवळ नव्हे, रस्त्याच्या रांगेत, जेथे ती नाही. आणि रस्त्याची सहा चित्रे सारखी झाली आहेत. जाताना आणि येताना बैलांची चाल एक असते का, हे पुन्हा पाहा. तिने शेवटच्या मुद्द्यावर माझ्याशी वाद घातला. तिच्या मते चित्रे सारखीच हवीत, कारण गाडीत मागे तोंड करून बसलेल्या मुलाला जाताना आणि येताना रस्ता सारखाच दिसतो, मागे मागे पळणारा. मी पुन्हा जाऊन पाहिले. सहाही चित्रांत रस्ता खरोखरच गाडीच्या मागच्या बाजूने काढलेला होता. हे मला दिसले नव्हते. तीस वर्षे कथेतला निवेदक आणि त्याचा दृष्टिकोन शिकवणाऱ्या माणसाला चित्राचा निवेदक कोठे बसला आहे ते कळले नाही, आणि एका बाविशीच्या मुलीने ते शांतपणे दाखवून दिले.

आमचे प्राध्यापक मित्र तोवर निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांना दूरध्वनी करून त्या सहा रस्त्यांविषयी सांगितले. प्रदर्शन आणखी दोन दिवस होते आणि त्यांच्या विभागापासून चालत दहा मिनिटांवर. ते म्हणाले, बघू, सत्रान्त परीक्षेचे पेपर आले आहेत. एका प्रश्नपत्रिकेत 'उत्तररामचरितातील चित्रदर्शनाचे नाट्यगत महत्त्व' हा प्रश्न होता, आणि तो त्यांनीच काढलेला होता.